हात लावा, नाव कोरा

परदेशातल्या पुरातत्त्व संग्रहालयांत म्हणे मुलांसाठी वाळूचा हौद असतो. कर्मचाऱ्यांनी त्यात खापरं पुरायची, मुलांनी ती उकरायची, संध्याकाळी पुन्हा पुरायची. केवढा हा उपद्व्याप! आमच्या बुलढाणा जिल्ह्यात हौद लागत नाही, काचेचं कपाट लागत नाही. अख्खा जिल्हाच हात लावायला मोकळा.

सुरुवात लोणारपासून करावी. उल्केनं पाडलेलं, पावणेदोन किलोमीटरहून रुंद विवर. तिथल्या निजलेल्या मारुतीच्या दगडात चुंबक आहे म्हणतात, म्हणून भाविक आधी नमस्कार करतो आणि मग देवाला होकायंत्र लावतो. जुन्या देवळांना होकायंत्रही नको. खडू, किल्ली, खिळा, काहीही चालतं. 'वास्तू विद्रूप करणे हा गुन्हा आहे' या निळ्या फलकाचा उपयोग एवढाच, की त्याच्या आडोशाला बसून नाव निवांत कोरता येतं.

वस्तू पळवली जाऊ नये यासाठी मात्र आमच्याकडे अस्सल देशी इलाज आहे. मेहकरला 1888 साली जमिनीतून बालाजीची भव्य मूर्ती निघाली. साहेब ती विलायतेला नेणार अशी कुणकुण लागताच गावानं प्रतिष्ठापना उरकून घेतली, असं सांगतात. एकदा नैवेद्य दाखवला की साहेबाची काय बिशाद! पुढे 2024 मध्ये सिंदखेडराजाला, लखुजी जाधवांच्या समाधीपाशी, पुरातत्त्व खात्याला शेषशायी विष्णू सापडला. लक्ष्मी पाय चेपतेय, खाली समुद्रमंथन चाललंय. लगेच वर दुसरं मंथन सुरू झालं: मूर्ती इथून हलायची नाही! या सगळ्या गलक्यात झोप मोडली नाही ती एकट्या विष्णूची.

पण खरं आधुनिक दालन संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेकाठच्या भोनला. डेक्कन कॉलेजनं तिथं उत्खनन केलं तेव्हा विटांचा बौद्ध स्तूप निघाला, भाजलेल्या मातीच्या कड्यांच्या विहिरी निघाल्या. स्तूप उत्खननकर्त्यांच्या मते इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीही इथल्या माणसाला पाण्याची विवंचना होतीच. ती आता कायमची मिटणार आहे: हे ठिकाण जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात येतं.

तेव्हा सहल काढणाऱ्या गुरुजींनी भोन आधी उरकावं. उशीर झालाच, तर पोहता येणारी मुलंच न्यावीत, आणि पालकांचं संमतीपत्र घ्यायला विसरू नये.