एकवीस मिलिमीटरचा रुबाब

पाच फूट तीन इंच उंचीच्या माणसाला आयुष्यात कधी तरी मोठ्या टायरचा मोह पडतोच. माझी पाळी यंदा आली. माझ्या ओम्नी गाडीचे चारही टायर गोटा झाले. पंक्चरवाल्याने "साहेब, पंक्चर काढायला यात रबरच उरलं नाही" म्हणून हात टेकले, आणि मी कपाळाला आठ्या घालून मनातल्या मनात तेरा इंची टायर पाहू लागलो.

ओम्नीला मुळात बारा इंची टायर. १४५ आर १२. यातले १४५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. १२ म्हणजे रिम, इंचांत. आणि रबराची उंची रुंदीच्या किती टक्के, हे तिसरं माप या जुन्या पद्धतीच्या टायरवर छापतच नाहीत; साधारण ब्याऐंशी धरून चालायचं. गिऱ्हाइकाने गणित करू नये अशीच ही व्यवस्था असावी. मी केलं, बिलबुकाच्या पाठीवर. आमच्या टायरचा व्यास ५४२ मिलिमीटरच्या थोडा वर, १५५ आर १३ चा ५८४ च्या थोडा वर. फरक बेचाळीस! गाडी चार सेंटिमीटर उंच होणार या आनंदात मी हिला हाक मारली. तिने कागद पाहिला.

"अहो, वाढलेलं चाक अर्धं आसाच्या वर आणि अर्धं खाली नाही का राहणार?"

राहणार होतं. म्हणजे गाडी उचलली जाणार एकवीस मिलिमीटर.

"एवढीच उंची हवी तर जाड टाचेच्या चपला घ्या," ती म्हणाली. "चार घ्याव्या लागणार नाहीत."

तरी मी हटलो नाही, कारण मोठ्या चाकाचा आणखी एक गुण मला भुरळ घालत होता. मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, पण मीटरला फक्त फेऱ्या मोजता येतात. त्यामुळे मीटर साठ दाखवत असतो तेव्हा गाडी चौसष्टच्या पुढे असते, आणि शंभर किलोमीटर पळून आलेली गाडी त्र्याण्णवच पळाल्याचं सांगते. पंधरा वर्षं पुरी करून पाच वर्षांची नोंदणी वाढवून घेतलेल्या गाडीने वय थोडं चोरलं तर बिघडलं कुठे? बिघडलं असतं ते वहीत. पेट्रोलची वही ही ठेवते. अ‍ॅव्हरेज सात टक्क्यांनी पडलेलं दिसलं असतं, आणि उरलेलं पेट्रोल जाळत मी कुठे फिरतो याचा खुलासा आरटीओपेक्षा कडक अधिकाऱ्यापुढे करावा लागला असता.

हे रुबाबाचं खूळ डोक्यात शिरलं ते फाटकांवर. मी पुस्तकं विकतो. संमेलन असो, व्याख्यानमाला असो, पुढच्या फाटकातून वक्ते जातात, निवेदक जातात, निवेदकाच्या मावशी जातात, सत्काराचे नारळसुद्धा जातात. ओम्नी दिसली की शिट्टी वाजते. "मालाची गाडी मागून!" शाळेच्या फाटकावर तर वॉचमन आधी गाडीत डोकावतो, हिंदी सिनेमाने माणसं पळवायला हीच गाडी वापरून ठेवली आहे, त्याला तो तरी काय करणार? एकदा मी न राहवून म्हणालो, "अहो, आत ज्यांचं भाषण आहे, त्यांचीच पुस्तकं आहेत या गाडीत."

"असू द्या," वॉचमन म्हणाला. "ते पुढून गेले."

आता टायर जरा बाजूला ठेवतो, कारण ज्या विषयावर बोलायचा मला खरा अधिकार आहे त्यावर कोणी बोलायला बोलावत नाही. विषय: मराठी साहित्याचं वजन. ते समीक्षक ठरवतात, पण त्यांच्यापाशी पाटे नसतात. ओम्नीला मागे स्प्रिंगचे पाटे आहेत, आणि मी सगळे वाङ्मयप्रकार त्यांवर पारखून घेतलेले आहेत. पौराणिक-ऐतिहासिक कादंबरीला तोड नाही. 'मृत्युंजय' आणि 'श्रीमान योगी' यांचे गठ्ठे मागे रचले की गाडी अशी बसते की हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतो आणि समोरचे ट्रकवाले डिपर मारून शिव्या देतात. पाककृतींची पुस्तकं जाताना जड, येताना शून्य. पाट्यांचे खरे मित्र तेच. आत्मचरित्रं प्रकाशनाच्या दिवशी एकदम न्यावी लागतात आणि पुढे वर्षभर थोडी थोडी परत आणावी लागतात. कवितासंग्रह हलका, पण त्याचा गुण वाहतूक करणाऱ्यालाच कळतो: जातो तेवढाच परत येतो. जाताना चाळीस, येताना चाळीस. कधी कधी एकेचाळीस, कारण प्रदर्शनात एखादा स्थानिक कवी आपला संग्रह सप्रेम भेट देतो. समीक्षेचं वजन मला सांगता यायचं नाही. ती कोणी मागवलेली नाही.

दिवाळी अंकांचं प्रकरण वेगळंच. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून ही प्रथा पाडली, तेव्हा पाट्यांचा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नसेल. अंकातला साहित्याचा कागद हलका असतो आणि जाहिरातींचा गुळगुळीत कागद जड. हे विधान मी समीक्षक म्हणून करत नाही, हमाल म्हणून करतो. आणि विश्वकोश! त्याच्या वीस खंडांचे दोन संच घेऊन मी पुण्याहून साताऱ्याकडच्या शाळांना निघालो होतो. ओम्नीचं ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. खंबाटकीच्या चढावर ज्ञानाची धग मला थेट बुडाला लागली. विशेष म्हणजे हा कोश घडला वाईला, घाट उतरलं की जवळच. आणि मी तो पुण्याहून घाट चढवून त्याच्याच माहेरी नेत होतो.

असो. टायरच्या दुकानात मी छाती काढून शिरलो. "तेरा इंची दाखवा."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलंच नाही. तो गाडीपाशी वाकला आणि मागच्या चाकाच्या वरच्या पोकळीत त्याने चार बोटं घातली. "रिकामी असताना एवढी जागा आहे. भरल्यावर?" मग त्याने एकेक खिळा ठोकला. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा टायर घासणार. रिम बदलावे लागणार, तेही बोल्टची भोकं जुळली तर. स्टेपनी बारा इंचीच ठेवलीत तर पंक्चर झालेल्या रात्री गाडी लंगडत घरी येणार. पासिंगला प्रश्न विचारणार ते वेगळंच.

"आणि घाटात?" मी विचारलं.

"चाक मोठं म्हणजे ओढ कमी. आज दुसऱ्यावर चढता तिथे पहिला टाकाल. भरता काय?"

"पुस्तकं."

तो गंभीर झाला. "कागद? मग हा बघा."

नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते अजून ताठ होते. त्याने अंगठ्याने कडेची धूळ पुसली आणि मोबाइलच्या उजेडात अक्षरं दाखवली. लंबगोलात चार आकडे: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. (आधीच्या एका दुकानात "कालच आलाय" म्हणून पुढे केलेला टायर या हिशोबाने तीन वर्षांचा घोडा निघाला असता.) मग १४५ आर १२ एलटी, ८ पीआर, ८६/८४. ८ पीआर म्हणजे काही आठ थर नव्हेत. पूर्वी सुती थर मोजत, आता तो नुसता ताकदीचा आकडा उरला आहे. ८६ हा लोड इंडेक्स, म्हणजे एका टायरला ५३० किलो भार. याच मापाच्या मोटारीच्या टायरवर ७४ असतं, म्हणजे ३७५. "तुम्हाला कोणी तरी मोटारीचे बसवले होते, म्हणून एवढ्यात गोटा झाले. हे घ्या. टाटाचा छोटा हत्ती यावरच पळतो, पाऊण टन घेऊन."

हत्तीचं नाव निघालं आणि माझ्या तेरा इंची स्वप्नाची हवा गेली. बारा इंच हे माप मला एकदम मर्दानी वाटू लागलं.

फाटकावरच्या वॉचमनवर माझा राग नाही. तो सांगितलेलं करतो. राग आहे तो सांगणाऱ्यांवर, पुस्तकावर दीड तास बोलून पुस्तक आणणाऱ्याला मागे पाठवणाऱ्यांवर. पाटण तालुक्यात चढावर एक शाळा आहे, तिला फाटक एकच. तिथे पोरांनी खोके उतरवायला रांग लावली. एका खोक्याचा कोपरा फाटला होता. त्यातून एका पुस्तकाचं अर्धं पान दिसत होतं, आणि तो खोका हातात आलेली मुलगी तशीच उभी राहून ते पान वाचू लागली. ओळी अर्ध्यावर तुटत होत्या तरी वाचत होती. मागची रांग थांबली, गुरुजीही थांबले. गाडीला चाकं किती इंची, हे त्या पोरांपैकी एकानेही विचारलं नाही. त्या चढावर गाडी भरलेली पोचायला हवी, एवढंच माझं काम आहे, आणि त्यासाठी उंची लागत नाही, ओढ लागते.

पाच टायर घेतले, स्टेपनीसकट. गाडी रिकामी असली की आता खड्ड्यात अशी उडते की ही मुद्दाम मांडीवर 'मृत्युंजय' घेऊन बसते.

अहंकार मात्र जागचा हलला नाही. त्याने फक्त माप बदललं. पार्किंगमध्ये आमच्या शेजारी एक उंच एसयूव्ही असते. तिच्या मालकांना मी आजवर मान वर करूनच नमस्कार केला आहे. परवा त्यांना गाठून विचारलं, "साहेब, तुमच्या टायरचा लोड इंडेक्स किती?" हा प्रश्न त्यांना जन्मात कोणी विचारला नव्हता. इस्त्रीच्या घड्या सांभाळत ते उकिडवे बसले, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्या कमरेच्या पातळीवरून कडेचे आकडे वाचू लागले. मी घाई केली नाही.

"९६!" ते ओरडले. "तुमचा?"

"८६."

ते विजयी हसले. उठताना त्यांना गाडीच्या दाराचा आधार घ्यावा लागला.

"छान," मी म्हणालो. "आणि भरता काय?"