अकोल्यापावतर चालू द्या

मे महिन्यात भरदुपारी अमरावतीहून अकोल्याला निघणारा माणूस एक तर नवरदेव असतो, नाही तर वऱ्हाडी. आम्ही वऱ्हाडी होतो. गाडी १९९६ची, बिनाएसीची. डोक्याला दुपट्टे, खिशात कांदा, डावीकडे मामाजी, म्हणजे आमचे सासरे.

बडनेरा मागे पडलं आणि मामाजींनी पाय वर घेतले.

"जावईबुवा, इकडे पाय भाजून राह्यले नं!"

"माझ्याकडे तर काही नाही."

"तुमच्याकडे कायले येईन? गाडी तुमची हाये!"

लोणी ते माना या पट्ट्यात जून २०२२ मध्ये एका लेनचे पंचाहत्तर किलोमीटर १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरून विश्वविक्रम झाला. त्याच रस्त्यावर आम्ही दर दहा किलोमीटरला मामाजींचे पाय निववायला थांबत होतो. वेळ कोणी मोजली नाही, हे बरं झालं.

मूर्तिजापूर हे शकुंतला रेल्वेगाडीचं गाव. १९२१चं वाफेचं इंजिन तिला १९९४पर्यंत ओढत होतं, त्यामुळे जुन्या यंत्राला इथे कोणी हसत नाही. गाडी दाखवली तो मिस्त्रीही हसला नाही. डॅशबोर्डखाली आडवा होऊन म्हणाला, "हीटरची वायर तुटली. गरम पान्याचा कॉक खुलाच राह्यला."

आमच्या गाडीला हीटर आहे, हे मला अठ्ठावीस वर्षांनी कळलं. ब्लोअर बंद असला तरी गाडी पळाली की वारा आपोआप आत शिरतो आणि इंजिनाच्या उकळत्या पाण्यावरून मामाजींच्या पायांवर येतो.

"मंग बंद कर नं बाप्पा!"

"करतो, पण गाडी उकळन. रेडिएटर अर्धा चोक हाये. हा हीटर म्हंजे त्याचा लहान भाऊ, थोडी गरमी तोच वढून राह्यला. अकोल्यापावतर चालू द्या."

"अन् जावईबुवांकडे कायले येत नाही?"

मिस्त्रीनं माझ्या बाजूच्या नळीत हात घातला आणि मूठ-मूठ कापूस बाहेर काढला. उंदराचं घर. दिवाळीपासून गाडी मामाजींच्याच वाड्यात, कापसाच्या गंजीला खेटून उभी होती.

"माह्याच घरचा हाये," मामाजींनी सरकी दाबून ओळखलं आणि कापूस पिशवीत भरला. वाती होतील म्हणाले.

बोरगाव मंजूच्या पुढे माझ्या नडग्यांना पहिला चटका बसला. क्लचवरचा पाय उचलला, तो ठेवायला जागा नव्हती. मामाजींनी तोंडावरचा दुपट्टा बाजूला केला.

"लागून राह्यलं का आता?"