शिफारसकर्त्यांस मुजरा

मनोरंजन, संगीत आणि लेखन या तिन्ही प्रांतांतील पॉडकास्टांची निरपेक्ष बुद्धीने शिफारस करीत हिंडणाऱ्या सज्जनांचे समाजावर जे उपकार आहेत, त्यांची नोंद अद्याप कोणत्याच सरकारी दप्तरी झालेली नाही, ही खेदाची बाब होय. पूर्वी लेखनाची ऊर्मी शमविण्यास दारिद्र्य अथवा कारकुनी असे कष्टप्रद उपाय योजावे लागत. आता जॉन ऑगस्ट आणि क्रेग मेझिन यांचे, २०११ पासून चालू असलेले ‘स्क्रिप्टनोट्स’ क्रमाने ऐकावयास घेतले, की पटकथेचे पहिले पान कोरे ठेवूनही मनुष्य तिसऱ्या अंकातील दोषांविषयी अधिकारवाणीने बोलू लागतो. हृषिकेश हिरवे यांच्या ‘साँग एक्सप्लोडर’मध्ये कलावंत आपल्याच गाण्याचे पदर सुटे करून दाखवितो, गळा निराळा, ताल निराळा, आणि अखेरीस ते गाणे सबंध ऐकविले जाते, तेवढा भाग वगळून पुढे सरकणे, हे खऱ्या जाणकाराचे लक्षण. अँड्र्यू हिकी यांचा, पाचशे गाण्यांतून सांगितलेला रॉक संगीताचा इतिहास तर एकेका भागात तासन्‌तास चालतो. तो दुप्पट वेगाने, भांडी घासता घासता ऐकल्यास रसास्वादही दुप्पट होतो, हे गणिताने सिद्ध आहे.

सबब आमची तजवीज अशी, की शिफारस हीच परिपूर्ण कृती मानून श्रवणाची अट कायमची बरखास्त करावी. परवा एका उद्धट मुलाने एका ज्येष्ठ शिफारसकर्त्यांस विचारले, “काका, यांतले तुम्ही स्वतः कोणते ऐकलेत?” काकांनी क्षणाचाही विलंब न लावता, उत्तम प्रश्न कसे विचारावेत या विषयावरील पॉडकास्टची लिंक त्यास पाठविली.