गिरडचे राऊटरसाहेब

शासकीय बांधकाम खात्यात उभी हयात घालवून निवृत्त झालेल्या गृहस्थांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. देवळाच्या जीर्णोद्धार समितीत शिरून जमाखर्चाची रुजुवात मागणारा हा पहिला, आणि परदेशस्थ चिरंजीवांनी आणून दिलेल्या एखाद्या यंत्राच्या सेवेस उर्वरित आयुष्य वाहून टाकणारा हा दुसरा. पहिला वर्ग उपद्रवी असला तरी सर्वपरिचित आहे. दुसऱ्याची दखल मात्र कोणी घेतल्याचे ऐकिवात नाही, आणि म्हणूनच वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात, गिरड येथे शेख फरीदबाबांच्या टेकडीच्या छायेत राहणाऱ्या ज्या गृहस्थांचे मूळ नाव आता केवळ सातबाऱ्यावर उरले असून ज्यांना सारा गाव ‘राऊटरसाहेब’ म्हणून ओळखतो, त्यांचे दर्शन वाचकांना घडविणे मला अगत्याचे वाटते.

साहेबांचा राऊटर, म्हणजे लाकूड कोरण्याचे यंत्र, हा बाजारातील सामान्य राऊटर नव्हे. अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेतील संशोधकांनी 2012 मध्ये निबंधरूपाने मांडलेली कल्पना 2016 मध्ये ‘शेपर ओरिजिन’ हे नाव धारण करून विक्रीस आली, तिचाच हा अवतार. फळीवर डॉमिनोच्या सोंगट्यांसारख्या ठिपक्यांची काळीपांढरी पट्टी चिकटवायची. यंत्राचा कॅमेरा ती वाचून आपण फळीवर नेमके कोठे आहोत हे ताडतो. पडद्यावर रेघ उमटते. आणि दोन्ही मुठी धरून माणसाने यंत्र त्या रेघेच्या आसपास हाकले, की आतले पाते आपण होऊन डावीउजवीकडे सरकत ऐन रेघेवरून चालते. हात थोडा चुकला तर यंत्र ती चूक पोटात घालते, आणि फारच भरकटला तर पाते वर उचलून घेऊन स्वस्थ राहते. अधीनस्थांच्या चुकांकडे पाहण्याची ही क्षमाशील वृत्ती साहेबांना नोकरीत असताना कोणी शिकविली असती, तर कितीएक मिस्त्री त्यांना दुवा देत राहिले असते.

यंत्र आले ते अमेरिकेच्या 120 व्होल्टांवर पोसलेले, आणि गिरडच्या तारांतून वाहतात 230. तेव्हा आधी रोहित्र आले, रोहित्रासाठी घडवंची आली, घडवंचीवर छप्पर आले, आणि विजेचा लपंडाव सुरू झाल्यावर साहेबांनी तक्रारअर्जांची एक स्वतंत्र फाईल उघडली. त्यानंतर प्रत्यक्ष उत्पादनास आरंभ झाला. यंत्र ठेवण्याची पेटी, पट्ट्यांची रिळे अडकविण्याची खुंटाळी, पात्यांचे घर, त्या घरावर ‘पाती’ असे कोरलेली पाटी, अशा क्रमाने यंत्राने स्वतःचा संसार स्वतःच थाटला. प्रत्येक वस्तूची नोंद जडसंग्रहाच्या वहीत अनुक्रमांक, तपशील, स्थिती अशा रकान्यांत झाली, आणि नोंद करणारे, तपासणारे व मंजूर करणारे म्हणून तिन्ही सह्या साहेबांच्याच पडल्या.

टेकडीवरील गोल गोट्यांविषयी एक आख्यायिका आहे. बाबांची थट्टा करणाऱ्या दोघा फिरत्या व्यापाऱ्यांचा सारा माल त्यांनी दगड करून टाकला, आणि ते शरण येताच वाळल्या पानांतून नवा माल निर्माण करून दिला. साहेबांच्या कार्यशाळेतील चमत्कार याच जातीचा, परंतु अर्धाच. बल्लारपूरच्या आगारातले उत्तम सागवान आत जाते आणि चहाच्या कपाखाली ठेवावयाच्या चकत्या होऊन बाहेर येते. शरण गेले तरी सागवान परत मिळत नाही.

दर्ग्याचे दर्शन आटोपून उतरणारा पाहुणा गाठून त्यास यंत्राचे माहात्म्य ऐकविणे हा त्यांचा नित्यक्रम. या व्याख्यानात गांधीजींच्या वर्धा जिल्ह्याचा अभिमान हमखास येतो. खेड्यात चालेल असे सुधारित यंत्र मिळावे म्हणून 1929 मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने चरख्यासाठी एक लाखाचे बक्षीस जाहीर झाले होते, आणि ‘‘त्या दृष्टीने पाहता हे यंत्र म्हणजे त्या परंपरेचा कळसच होय,’’ असे ते सांगतात. त्या बक्षिसाच्या अटींत यंत्राची किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी असेही कलम होते आणि बक्षीस अखेर कोणासच मिळाले नाही, हा तपशील मात्र ते वेळेअभावी वगळतात. त्यांच्या यंत्राची किंमत अडीच लाखांच्या घरात जाते.

त्यांची खरी कसोटी लागली तान्ह्या पोळ्याला. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांनी लाकडी नंदी सजवून मिरवावेत, ही नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या कारकिर्दीपासून, म्हणजे 1806 पासून चालत आल्याचे सांगितले जाते अशी विदर्भाची हौस. आणि सुटीत आलेल्या नातवासाठी नंदी यंत्रावरच व्हावा असा साहेबांचा हुकूम. पण यंत्र सपाट फळीवर चालते, वशिंडावर चढत नाही. साहेबांनी मग बैलाचे आडवे काप कल्पिले, प्रत्येक काप अठरा एमएमच्या प्लायमधून कातून ते सरसाने एकावर एक चिकटवावयाचे ठरविले, नकाशे काढले, अंदाजपत्रक केले. सणाच्या सकाळी बैल गुडघ्यापर्यंत तयार होता. नातू शेजारच्या मुलाच्या नंदीची दोरी धरून मिरवून आला.

गावातल्या वाढईने हे सारे कुंपणापलीकडून पाहिले होते. एके दुपारी तो आला. ‘‘साहेब, देव्हाऱ्याच्या झडपांची जाळी कापाची हाय. मशीन घटकाभर देता काय?’’ साहेबांनी प्रास्ताविक सुरू केले. वाढईने पट्टी चिकटवली. साहेब कॅमेऱ्याच्या सिद्धांतापर्यंत पोचले तोवर पहिली झडप होत आली होती. यंत्राचे गोल पाते आतल्या कोपऱ्यांत गोलाई सोडते, ती त्याने पटाशीने टोकून काटकोनात आणली. नकाशात गोलाईच दाखविली असल्याचे साहेबांनी दोनदा बजावले. दिवेलागणीपूर्वी दोन्ही झडपा घेऊन तो गेला, आणि साहेबांनी कंदिलाच्या उजेडात खर्ची पडलेल्या पट्टीची लांबी मोजून ‘वसूलपात्र’ असा शेरा मारला.

वसुली पुढच्या तान्ह्या पोळ्याआधी झाली, ती जिनसाच्या रूपाने. वहीत आजही नोंद सापडेल: नंदी, सागवानी, शिंगांसह, नग 1, चाके चार, स्थिती: चालू.