पत्रास कारण की, सोऱ्या

सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, नोकऱ्यांचा अनुशेष ऐकता ऐकता आमच्या वऱ्हाडाचे केस पिकले. 2021चा लॉकडाऊन मात्र आम्हाला मुंबई-पुण्याच्या आधी मिळाला. 22 फेब्रुवारीच्या रात्री आठपासून अमरावती शहर आणि अचलपूर बंद झालं. तिकडं अकोल्यातही निर्बंध आले. अमरावती-अकोल्यात अंतर शंभरेक किलोमीटर. एरवी बडनेऱ्याला गाडीत बसलं आणि मूर्तिजापूरचा चहा झाला, की अकोला आलंच.

नेमका कुरड्यांचा मोसम तोंडावर. आई अमरावतीत, तिची मोठी बहीण अकोल्यात, आणि आजीचा पितळी सोऱ्या आईच्या फळीवर.

फोन होता की दोघींकडे. पण मावशीच्या फोनचा स्पीकर कायम सुरू आणि सून कायम शेजारी. स्पीकरवर माणसाला भांडता येत नाही. ‘जेवली काय वं?’ ‘जेवली. तू?’ ‘मीही जेवली.’ संपला फोन. शेवटी मावशीनं पन्नास पैशाचं कार्ड काढलं. अर्धं कार्ड आशीर्वाद आणि क्षेमकुशलात गेलं. मग मजकूर : ‘सोऱ्या मायनं मले देल्ला होता. तुह्याकडं नुसता ठेवाले होता.’

आईनं त्याच दिवशी उत्तर लिहिलं. ‘तीर्थरूप ताईस शिरसाष्टांग नमस्कार’ इथवर ती नम्र होती. पुढची ओळ : ‘माय तं माहीही होती.’

इथून पत्रव्यवहाराला शिस्त आली. तब्येत, ऊन, तुरीचा भाव हे कार्डावर. सून, जावई आणि सोऱ्या हे अडीच रुपयांच्या आंतरदेशीयात, कडांना भाताची शितं लावून पक्कं चिकटवलेलं. कार्ड वाटेत कोणीही वाचतं यावर दोघींचा ठाम विश्वास. म्हणून मावशी स्वतःच्या सुनेचं कौतुक मुद्दाम कार्डावर लिही. ते पत्र तीच सून पेटीत टाकायची.

अमरावतीचा पिन 444601, अकोल्याचा 444001. फरक एका आकड्याचा, त्यामुळे सकाळचं पत्र संध्याकाळी पोचायला हवं, असा आईचा हिशेब. 15 ऑगस्ट 1972 पासून देशाला पिन देणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, शिवाय संस्कृत कवी. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गवारीच्या जिल्ह्याचे, अशी त्यांची चोख मांडणी. वृत्तात बसवायची सवय असलेल्या माणसालाच हे सुचणार. पण दोन बहिणींच्या रागाला किती आकडे लागतात, हे त्यांनाही कुठून ठाऊक असणार?

त्या काळात पोस्टमनकडे पत्रापेक्षा मोठं काम होतं. हातात यंत्र घेऊन तो म्हाताऱ्याकोताऱ्यांचा अंगठा लावून बँकेतले पैसे घरपोच द्यायचा. आमच्याकडे मात्र तो फाटकाबाहेरून विचारायचा, ‘काकू, सोऱ्याचं काय झालं?’ म्हणजे कार्डाबद्दलचा संशय अगदीच खोटा नव्हता. किंवा आंतरदेशीयाचा भात कमी पडला असेल.

पत्र पोचायला लागणारे दिवस हीच खरी गंमत. फोनवर राग आला की लगेच उत्तर, की लगेच रडू, की लगेच समेट. पाच मिनिटांत खेळ खलास. पत्रात मात्र राग लोणच्यासारखा मुरतो. उत्तर येईपर्यंत बहीण काय म्हणेल, त्यावर आपण काय म्हणू, आजीनं दिवाळीला सोऱ्या देताना नेमके काय शब्द वापरले होते, याची आई सकाळ-संध्याकाळ उजळणी करायची. बाहेर रोज रुग्णांचे आकडे वाढत होते. घरात तिला विचारलं, ‘काय करून राह्यली?’ तर उत्तर यायचं, ‘ताईचं पत्र यायचं हाय.’ तिच्या वयाच्या कितीतरी जणी तेव्हा खिडकीशी बसून खचल्या. माझ्या आईला खचायला सवडच नव्हती.

त्या उन्हाळ्यात कुरड्या दोन्ही घरी झाल्या : अमरावतीत आजीच्या सोऱ्यानं, अकोल्यात शेजारणीच्या. पुढं वाट मोकळी झाल्यावर मावशी चार दिवस राहून गेली. रात्री दोनपर्यंत गप्पा चालल्या, सोऱ्याचा विषय कोणी काढला नाही. तो पत्राचा विषय.

तर वाचकहो, परगावी तुमची बहीण असेल, तर पोस्टातून चार कार्डं आणून ठेवा. लिहायला काही सुचत नसेल, तर माळ्यावरची जुनी भांडी एकदा खाली काढा.