भिंतीवर काय टांगायचं?

1960 साली महाराष्ट्र जन्माला आला, तेव्हा त्याच्या विधिमंडळाला बसायला मिळालेली वास्तू मुळात खलाशांची धर्मशाळा होती. मुंबईत रीगल सिनेमाजवळ आज पोलिस महासंचालकांचं कार्यालय आहे ना, तीच. बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी पैसा दिला, फ्रेडरिक स्टीव्हन्सनी आराखडा केला, आणि 1876 मध्ये दर्यावर्दींना आसरा मिळाला. 1928 मध्ये ती सरकारने विधिमंडळासाठी घेतली. पण दर्शनी त्रिकोणावर नेपच्यून हा समुद्रदेव जलपऱ्या आणि समुद्री घोड्यांसकट ठाण मांडून राहिला. वादळात सापडलेल्यांवर नजर ठेवायची त्याला सवयच होती. आमच्या जळगावातून 1962 साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी निवडून गेलेल्या प्रतिभाताई पाटील त्याच्याच राज्यात बसल्या. तापीकाठच्या माणसांवर समुद्राचा देव!

पुढे 19 एप्रिल 1981 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते नरीमन पॉइंटच्या नव्या विधानभवनाचं उद्घाटन झालं. देव मागे राहिला, पण नवी इमारत उभी राहिली ती समुद्रात भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर. म्हणजे त्याचं घरही घेतलं आणि नोकरीही.

आत अध्यक्षांच्या उजव्या हाताला सत्ताधारी, डाव्या हाताला विरोधक. मध्यवर्ती सभागृहात थोरामोठ्यांची तैलचित्रं. बाळासाहेब ठाकरे यांचं 23 जानेवारी 2023 रोजी लागलं. हयातीत ज्यांनी सभा गाजवल्या, ती माणसं इथे चौकटीत शांत असतात. सभात्याग न करणारी मंडळी पाहायची असतील, तर ती भिंतीवरच.

चंदीगडच्या विधानभवनाला ल कॉर्बूझिए यांनी रंगवलेला भलाथोरला दरवाजा आहे. आमच्याकडे त्या तोडीचं काय, असं कुणी विचारलं तर मी पायऱ्या दाखवीन. अधिवेशनात रोज सकाळी तिथे नवं प्रदर्शन भरतं. फलक, घोषणा, गळ्यात कधी कांद्याच्या माळा, कधी कापसाच्या. नाशिकचा कांदा आणि खानदेशचा कापूस दारापर्यंत थाटात पोचतात. आत पोचले की त्यांची लक्षवेधी सूचना होते, आणि मग लक्ष वेधलं गेलं एवढंच त्यांच्या पदरात पडतं.

म्हणून जळगावच्या मेहरूण तलावावर फिरायला येणाऱ्या मंडळींपुढे मी प्रस्ताव मांडला : विधानभवनाच्या भिंतीवर खानदेशचं एक चित्र असावं. तत्त्वतः एकमत झालं. मग कुणी बहिणाबाईंचं नाव घेतलं, कुणी मेहरूणच्या बोरांचं. रावेरकर म्हणाले, “केळीचा घड पाहिजे भो, दुसरं काही चालायचं नाही.” धुळ्याच्या पाहुण्यांनी लळिंगचा किल्ला पुढे केला. कापूसवाले उठून उभे राहिले, भरितवाले त्यांच्यावर ओरडले. अध्यक्षस्थानी बसवलेल्या अण्णांनी पोह्यांसाठी कामकाज तहकूब केलं, आणि केळीवाले घोषणा देण्यासाठी पायऱ्या शोधत निघाले.