आकडा पाहून कॅमेरा घ्यावा

कॅमेरा घ्यायला निघालेल्या माणसाने फोटो पाहू नयेत. फोटो पाहिले की शंका येतात, शंका आल्या की वेळ जातो आणि सुरतेहून परतीची गाडी चुकते. खोक्यावरचा आकडा मात्र कुणाला अडचणीत टाकत नाही. तो ठळक असतो, चकचकीत गोलात असतो आणि शेजाऱ्याला सांगता येतो. म्हणून ज्याला यातले काही कळत नाही आणि ज्याच्या खिशात पाच-सात हजार आहेत, अशा नवापूरकराने ४८ मेगापिक्सेल लिहिलेला, कधीही नाव न ऐकलेल्या कंपनीचा कॅमेरा निःशंक मनाने उचलावा.

कुरकुरणारे असतातच. ते म्हणतात, ६ बाय ४ इंचांचा फोटो छान छापायला साधारण २ मेगापिक्सेल पुरतात. फुल एचडी टीव्हीच्या पडद्यावरही तेवढेच मावतात. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आवळून तसाच लहान होतो. असेल. पण उरलेले ४६ मेगापिक्सेल आपल्या मालकीचे आहेत, हे समाधान कोणत्या स्टुडिओत छापून मिळते?

मग ते सेन्सर काढतात. स्वस्त कॅमेऱ्यातला सेन्सर जेमतेम ६ बाय साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा. बऱ्याचशा डीएसएलआरमधला त्याच्या तेरापट मोठा. शिवाय अशा ४८ मेगापिक्सेलवाल्यांत पुष्कळदा खरे ठिपके ८ किंवा १३च मेगापिक्सेलचे असतात, बाकीचे कॅमेरा अंदाजाने भरतो. यात लाज कसली? ज्या गावच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्याने तरी तुरीच्या दाण्याला कमी लेखू नये. होळीच्या रात्री ढोलावर नाचणाऱ्यांचा या कॅमेऱ्याने काढलेला फोटो पाहा : नाच दिसतो, नाचणारा दिसत नाही. मोठमोठे चित्रकार यासाठी आयुष्य घालवतात.

झूमचे तर बोलूच नये इतके कौतुक आहे. महागड्या कॅमेऱ्यांत भिंगे पुढेमागे सरकून झूम होतो. निकॉनच्या पी १००० मध्ये तो १२५ पट आहे आणि माणसे त्याने चंद्रावरचे खड्डे टिपतात. आपल्यातला १६ पट झूम ‘डिजिटल’. म्हणजे भिंग हलत नाही. फोटोच्या कडा कापून मधला तुकडा ताणला जातो. ४८ मेगापिक्सेलला सोळाने दोनदा भागा. हाती ०.१९ उरतो. १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसनने बनवलेला पहिला डिजिटल कॅमेरा ०.०१ मेगापिक्सेलचा होता, वजन साडेतीन किलोंच्या वर. आपण बटण दाबत दाबत त्याच दिशेने निघतो आणि तेही खिशात मावणाऱ्या यंत्रातून. इतिहासाची एवढी स्वस्त सहल दुसरी नाही.

आता कुणी विचारेल, परराज्य पाऊल टाकल्यावर लागते त्या गावात झूम कशाला? आपल्या स्टेशनातूनच सीमा जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तर गुजरातेत आणि एक बाक दोन्हीकडे. त्या बाकावर पाहुण्यांना बसवून फोटो काढणे हा इथला कुळाचार. इथे जवळून जास्त मावेल असे भिंग हवे, असे जाणकार म्हणतात. आपल्या कॅमेऱ्यात एकच राज्य मावते. मागे सरकावे तर रूळ. मग दोन फोटो काढावेत, एक महाराष्ट्राचा, एक गुजरातचा. पाहुणा मधोमध बसला असेल तर दोन्ही राज्यांना अर्धा अर्धा येतो. सीमाप्रश्न इतक्या समजुतीने दुसरीकडे कुठे सुटलाय?

एका माणसापासून मात्र सावध राहा. तो त्याच पैशांत किंवा थोडी भर घालून जुना, वापरलेला डीएसएलआर शोधत असतो, २०१४चा कॅनन १२००डी वगैरे, १८ मेगापिक्सेलचा. दुकानात भिंग उजेडाकडे धरून आत बुरशीचे जाळे आहे का पाहतो. आतापर्यंत बटण किती हजार वेळा दाबले गेले विचारतो. स्वतःचे कार्ड घालून दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्याचा फोटो काढतो, घरी नेऊन मोठा करून बघतो आणि पावसाळ्यात कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवतो. त्याचे फोटो चांगले येतात, हे खरे. त्यामुळे प्रत्येक लग्नात त्यालाच उभे करतात आणि तो बिचारा पंगतीत शेवटी बसतो. आपल्याला कोणी कधी बोलावत नाही. आपण पहिल्या पंगतीत.

राहिला निर्णयाचा क्षण. दोन खोकी समोर आहेत, दोन्हींवर ४८, दोन्हींवर १६. अशा वेळी सोबत फुकट मिळणाऱ्या बॅगेकडे पाहावे. कॅमेरा दोन दिवाळ्यांत कपाटात जातो, बॅग त्यापुढेही डबा घेऊन रोज गाडीला असते. तेव्हा दुकानदाराला पहिला प्रश्न चेनविषयी विचारावा, दुसरा पट्ट्याविषयी. बिल मागितले तर तो बॅग देत नाही, म्हणून बिल मागू नये.